वजनाचं इंजेक्शन सुरू आहे आणि थकवा जात नाही? आधी हे तपासा

पालकसभा संपल्यावर एक भाभी मागे थांबल्या. म्हणाल्या, “टीचर, वजन सात किलो उतरलं, पण दुपारी उभं राहवत नाही आणि रात्री डोळा लागत नाही. घरी सांगितलं तर म्हणतील, आळस वाढलाय.” अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आता अनेक घरांत ही सुई आली आहे. भारतात मौन्जारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही जून 2025 मध्ये आलं. थकव्याला आळस म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

थकवा का येतो?

ही औषधं भूक कमी करतात आणि पोट उशिरा रिकामं होतं. त्यामुळे जेवण तर घटतंच, पण पाणी पिण्याचंही भान राहत नाही. उलट्या-जुलाब झाले तर अंगातलं पाणी आणि मीठ आणखी कमी होतं. वेगोव्हीच्या चाचण्यांमध्ये 100 पैकी सुमारे 11 जणांना थकवा जाणवला. औषध नसलेली सुई घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 5 होतं. म्हणजे हा त्रास खरा आहे, पण सगळ्यांना होतो असं नाही. सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर तो जास्त जाणवतो.

खाण्यापिण्यात काय करावं?

- भूक नसली तरी जेवण टाळू नका. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा.
- प्रत्येक खाण्यात अंडं, मासे, चिकन, डाळ, दही यांपैकी काहीतरी असू द्या. प्रथिनं कमी पडली आणि हालचाल नसली तर चरबीबरोबर स्नायूही घटतात, मग जिना चढतानाही पाय थरथरतात.
- पाणी घोट-घोट, दिवसभर प्या. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.
- निहारी, तळलेले कबाब, मलईदार मिठाई तूर्त कमीच. मळमळ त्यानेच वाढते.

झोप का बिघडते?

आपल्याकडे इशानंतर, कधी रात्री अकराला जेवण होतं. पोट उशिरा रिकामं होत असताना असं जेवून आडवं झालं की जळजळ आणि आंबट ढेकर ठरलेलेच. शेवटचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, हलकं घ्या आणि उशाकडची बाजू थोडी उंच ठेवा. दुपारनंतर कडक चहा नको. फजरला उठायचं असेल तर रात्री मोबाईल लवकर बाजूला ठेवा.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं, ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं असू शकतात. लठ्ठपणात हा आजार जास्त आढळतो. तेव्हा थकव्याचा सगळा दोष सुईला देण्याआधी त्याची तपासणी करून घ्या.

रक्ततपासणी आणि डोस

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर आणि किडनीची तपासणी करायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकतं. सुई घेतल्यानंतर एक-दोन दिवस गळून गेल्यासारखं होत असेल तर वार बदलता येतो का, ते विचारा. रविवारी सुटी असणाऱ्यांना शनिवार सोयीचा पडतो. पण वार बदलताना दोन सुयांमध्ये वेगोव्हीला किमान 48 तास आणि मौन्जारोला 72 तास अंतर हवं. डोस चार आठवड्यांच्या आत वाढवू नये. त्रास होत असेल तर डॉक्टर तो वाढवणं लांबवतात. शेजारणीचा डोस बघून आपला ठरवू नका.

रमजानमध्ये

सुई आठवड्यातून एकदाच असते, म्हणून ती इफ्तारनंतर घेता येते. सेहरी मात्र चुकवू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं किंवा साखर 70 च्या खाली, असं झालं तर लगेच रोजा सोडा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिलेली आहे.

लगेच दवाखान्यात कधी जावं?

पोटात तीव्र दुखून कळ पाठीकडे जाणं, उलट्या न थांबणं, लघवी खूप कमी होणं, चक्कर येऊन पडणं, डोळे पिवळे दिसणं. अशा वेळी घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी, जे जवळ असेल ते गाठा आणि सुई चालू आहे हे आधी सांगा.

‘हर्बल’ पावडरपासून सावध

थकवा जावा किंवा वजन लवकर उतरावं म्हणून ओळखीतून मिळालेली पावडर, कॅप्सूल सोबत घेऊ नका. अशा काही मालात सिब्युट्रामिन मिसळलेलं सापडलं आहे. हे औषध झोप उडवतं, रक्तदाब वाढवतं आणि भारतात 2011 पासून त्यावर बंदी आहे.

शेवटी घरच्यांना एक विनंती. अम्मी, भाभी किंवा अब्बू दुपारी आडवे झाले तर टोमणा मारू नका. आज काय खाल्लं, पाणी किती प्यायलं, रात्री झोप लागली का, एवढं विचारा. उत्तरं दोन आठवडे वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.