सायलॅबपासून अंगणवाडीपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यात आशाताई, अंगणवाडीताई आणि परिचारिका यांना स्तनपान शिकवताना जे छोटे व्हिडिओ वापरले गेले, त्यांचं कूळ आरोग्य खात्यात सापडत नाही. ते सापडतं संगणकाच्या प्रयोगशाळेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’च्या यादीत लिनक्स, लाटेक, सायलॅब यांच्या रांगेतच ‘आरोग्य आणि पोषण’ असा विषय मला दिसला आणि मी चक्रावलो. सायलॅब म्हणजे अभियंत्यांचं गणिताचं सॉफ्टवेअर. त्याच्या पंक्तीला बाळाचं दूध कसं येऊन बसलं?

खिशात मावणाऱ्या व्हिडिओचा सर्वज्ञात इतिहास थोडक्यात उरकतो. 1993 साली व्हीसीडी आली, 1995 साली मिनीडीव्ही कॅमेरा आला, मग कॅमेऱ्याचे मोबाईल आले आणि तालुक्याच्या गावी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. हे झालं यंत्राचं. शिकवण्याची रीत मात्र वेगळ्या वाटेने आली.

ती रीत घडवली केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या याच ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने. शिक्षक मिळत नाही अशा कॉलेजातल्या मुलाला सॉफ्टवेअर एकट्याने शिकता यावं, हा हेतू. व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा, त्यात एकच मुद्दा. आधी संहिता लिहायची आणि विषयाचा गंध नसलेल्या माणसाला ती कळते का, हे तपासायचं. संगणकाच्या पडद्यावर एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर. पाहायचं, थांबवायचं, तसंच करून बघायचं, पुढे जायचं. फाईल हलकी ठेवायची, म्हणजे इंटरनेट नसलं तरी सीडीवरून चालते.

डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने तयार झालेले आरोग्याचे व्हिडिओ याच साच्यातून निघाले. बाळाला आडव्या हाताने धरण्याची पद्धत घ्या. ज्या बाजूला पाजायचं, त्याच्या विरुद्ध हाताने आईने बाळाला धरायचं. अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे, म्हणजे डोक्याला आधार मिळतो आणि मान मोकळी राहते. दुसऱ्या हाताने स्तन असा दाबायचा, की बोटं बाळाच्या ओठांच्या रेषेत येतील. का, तर वडापाव खाताना आपण तो उभा धरत नाही. आडवा धरून दाबतो, तेव्हाच मोठा घास तोंडात मावतो. ही उपमा त्या व्हिडिओतलीच आहे. बाळाने तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकवायची. नुसतं स्तनाग्र तोंडात गेलं तर आईला वेदना होतात आणि बाळाला दूध पुरत नाही. खालचा काळा भाग बराचसा आत जायला हवा. सायलॅबमध्ये एखादी आज्ञा शिकवावी, तशी एकेक कृती सुटी करून इथे दाखवली आहे.

आता या कुळावर दावा सांगणारे दुसरेही आहेत. पहिला दावा ‘साइट’ प्रयोगाचा. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत दूरचित्रवाणी पोचली. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारच्या गुजरातेत खेडा जिल्ह्यातलं पिज केंद्र 1985 पर्यंत चाललं. गावकऱ्यांसाठी कार्यक्रम करणारं ते मोठं काम होतं, यात वाद नाही. पण टीव्हीवर हुकलेला क्षण पुन्हा बघायची सोय नव्हती. बाळाचं तोंड उघडण्याचा क्षण तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जातो. थांबवता न येणाऱ्या चित्राला मी या व्हिडिओचा पूर्वज मानत नाही.

दुसरा दावा जास्त वजनाचा. 2006 साली बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ने शेतकऱ्यांचेच व्हिडिओ काढून छोट्या प्रोजेक्टरवर गावात दाखवले. दाखवणारा मध्ये थांबतो, प्रश्न विचारतो. थांबण्याच्या मुद्द्यावर इथे माझी बाजू लंगडी पडते, हे कबूल. पण तिथला सगळा भर ओळखीच्या चेहऱ्यावर: आपल्यासारख्याच शेतकऱ्याने केलं, म्हणजे आपल्यालाही जमेल. स्तनपानाच्या व्हिडिओत चेहऱ्याला महत्त्व नाही. महत्त्व बोटांना, हनुवटीला, कोनाला. तिथे विश्वास बसवायचा होता, इथे हात बसवायचा आहे. आणि हात बसवणं ही सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांचीच रीत. संगणकावर जिथे दोन खिडक्या शेजारी-शेजारी होत्या, तिथे आता एका बाजूला मोबाईल आणि दुसऱ्या बाजूला मांडीवरचं बाळ आहे. एवढं साम्य योगायोगाने येत नाही.

माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आवाजाचा आहे. स्पोकन ट्युटोरिअलमध्ये कोणतं वाक्य कोणत्या सेकंदाला येतं, याची संहिता वेगळी ठेवतात. चित्राला हात न लावता दुसऱ्या भाषेतला आवाज त्यावर चढवता येतो. तमिळ किंवा बंगाली मुलाला लिनक्स शिकता यावं म्हणून केलेली ही सोय. नंदुरबारमध्ये नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी आणि भिली, तापीकाठी अहिराणी. अशा जिल्ह्यात या सोयीची किंमत कळते. मराठी आवाज बंद करून ताई त्याच चित्रावर पावरीत बोलू शकते, जिथे हवं तिथे थांबवून बाळाची मान सरळ करू शकते. टीव्हीच्या कार्यक्रमात ते शक्य नव्हतं.