दिनविशेष – ४ मार्च : ‘झुंड’ पडद्यावर आला

तेल्हारा : ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणारे विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला. प्रशिक्षकाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन होते. सिनेमातल्या वस्तीतली बरीच पोरं मात्र नागपूरचीच, कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभी राहिलेली. त्यातल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

सावळा चेहरा आणि आपल्याकडची बोली पडद्यावर आली की ती गड्याची, गुंडाची, नाहीतर हसवण्यापुरती, हेच आम्ही लहानपणापासून पाहत आलो. इथं तीच पोरं नायक झाली. भीमजयंतीच्या प्रसंगात डॉ. बाबासाहेबांच्या भल्यामोठ्या प्रतिमेपुढे बच्चन हात जोडून उभे राहतात. आमच्या चौकात १४ एप्रिलला दरवर्षी दिसणारं हे दृश्य. पण मोठ्या नटाच्या हिंदी सिनेमात इतकं ठसठशीत ते क्वचितच आलं. म्हणून ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि याच सिनेमात पासपोर्टसाठी ओळखीचे कागद गोळा करत दारोदार फिरणारी आदिवासी मोनिका? ती तर कोणत्याही दिवशी आपल्या तहसीलीच्या व्हरांड्यात, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेली असते.