खर्डा आणि त्याचे दोन वाचक

कादंबरी छापून वाचकाच्या हाती पडते, तेव्हा तिच्यामागचा खर्डा कोणालाच दिसत नाही. त्यामुळे लेखणीतून जशी उतरली तशीच ती छापली गेली, अशी आपली सहज समजूत होते. प्रतिभा म्हणजे ओघ, आणि खाडाखोड म्हणजे ओघ आटल्याची खूण, असेही पुष्कळांना वाटते. या समजुतीचे निरसन करावयाचे तर आम्ही फ्रान्समधील रुआं शहराच्या ग्रंथालयाकडे बोट दाखवू. गुस्ताव्ह फ्लोबेर याच्या ‘मादाम बोव्हारी’ या एकाच कादंबरीच्या खर्ड्यांची हजारो पाने तेथे जपून ठेवलेली आहेत. लेखकाच्या भाचीने १९१४ साली ती ग्रंथालयाला दिली, आणि २००९ पासून संगणकावर ती कोणालाही पाहता येतात. पानापानावर काटलेल्या ओळी, समासातली भर आणि त्या भरीवरही पुन्हा फुली!

या पानांची कथा एका पराभवापासून सुरू होते. १८४९ च्या सप्टेंबरात फ्लोबेर २७ वर्षांचा होता. सेन नदीच्या काठी क्र्वासे येथे त्याचे घर होते. तेथे त्याने लुई बुइये आणि माक्सीम द्यु कां या दोन जिवलग मित्रांना बोलावले व ‘सेंट अँथनीची मोहपरीक्षा’ ही आपली नवी कृती रोज आठ तास याप्रमाणे चार दिवस वाचून दाखविली. वाचन संपेपर्यंत कोणी मत द्यावयाचे नाही, असे ठरले होते. शेवटी मित्रांनी निकाल दिला : हे अग्नीत टाक आणि पुन्हा याचे नाव काढू नकोस. ही हकीकत द्यु कांने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. फ्लोबेरने ती कृती जाळली नाही. पण शब्दांच्या पुरात आपण वाहवत जातो, हा दोष मात्र त्याच्या मनात खोल रुतला.

१८५१ च्या सप्टेंबरात त्याने खेड्यातल्या एका सामान्य डॉक्टरच्या बायकोची गोष्ट लिहावयास घेतली. आधी प्रसंगांचा आराखडा, मग कच्चा खर्डा, मग त्यावर दुरुस्ती, आणि समास भरला की तेच पान नव्याने, असा त्याचा क्रम असे. लिहिलेले वाक्य तो मोठ्याने म्हणून पाही. कानाला खटकले की ते गेलेच. शेतकी प्रदर्शनाचे एक प्रकरण पुरे करावयास १८५३ सालातले कित्येक महिने लागले. रविवारी बुइये येई, आठवड्याचे काम ऐके आणि अडलेल्या जागी निःसंकोच बोट ठेवी. असे करता करता कादंबरी संपण्यास १८५६ चा वसंत उजाडला. नक्कलनविसाने उतरलेल्या स्वच्छ प्रतीवरही लेखकाने पुन्हा काट मारलीच!

त्यानंतर कादंबरी ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकाकडे गेली. त्याच्या चालकांत द्यु कां होता. त्याने सुचविले की, एखाद्या जाणत्या माणसाकडून शंभरेक फ्रँकांत कादंबरीची छाटणी करवून घ्यावी. ज्याने आपल्या हातांनी शेकडो पाने बाद केली, तो या सूचनेने संतापला. १८५६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कादंबरी छापली गेली. परंतु सरकारच्या भीतीने चालकांनी तिच्यातील बंद घोडागाडीचा प्रसंग गाळला. पुढे आणखी काट झाली, तेव्हा आपण वाचता आहात ते तुकडे आहेत, अशी टीप फ्लोबेरने शेवटच्या अंकात छापावयास लावली.

एवढे करून भीती टळली काय? नाही. नीतीचा व धर्माचा अधिक्षेप केल्याच्या आरोपाखाली लेखक, चालक आणि मुद्रक या तिघांनाही १८५७ च्या जानेवारीत न्यायालयात उभे राहावे लागले. ७ फेब्रुवारीस ते निर्दोष सुटले, आणि एप्रिलमध्ये निघालेल्या ग्रंथात गाळलेला प्रसंग परत आला.

दोघेही मित्रच, आणि दोघांनीही खोडावयास सांगितले. मग फरक कोठे? आमच्या मते, तो फुलीत नाही, फुलीच्या हेतूत आहे. रविवारचा बुइये कृती अधिक खरी व्हावी म्हणून खोडावयास लावी. नियतकालिकाने कोणी रागावू नये म्हणून खोडले. पहिल्या प्रकाराने कादंबरी घडली. दुसऱ्याने ती मोडली आणि खटलाही चुकला नाही. आपले लिखाण दुसऱ्यापुढे ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा भेद ओळखावा लागतो. कठोर शब्द नेहमीच हिताचे असतात असे नाही, आणि सौम्य सल्ला नेहमीच निरुपद्रवी नसतो.

ग्रंथाच्या आरंभी फ्लोबेरने दोन नावे कृतज्ञतेने घातली. एक, न्यायालयात त्याचा बचाव करणाऱ्या सेनार या वकिलाचे. आणि दुसरे, लुई बुइये याचे. एकाने छापलेली कादंबरी वाचविली. दुसऱ्याने ती वाचविण्याजोगी होईपर्यंत रविवारचे आपले आसन सोडले नाही.