जुनी सायकल विकताय? आधी तिची किंमत अशी काढा

कारंजा लाडच्या एखाद्या घरात आजोबांची काळी सायकल धूळ खात पडलेली असते. भंगारवाला फक्त वजन बघतो. सायकल 20 किलोची आणि लोखंडाचा भाव किलोला 25 रुपये धरला, तर हातात 500 रुपये. पण विकण्याआधी एवढं तपासा.

बिल्ला : हँडलखालच्या नळीवर असतो. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमची रॅले आणि आसनसोलला बनलेली सेन-रॅले यांना वेगळा भाव मिळू शकतो.

फ्रेम नंबर : सीटखालच्या नळीवर किंवा पायडलजवळ खालून कोरलेला असतो. त्यावरून सायकलच्या वयाचा अंदाज येऊ शकतो.

मूळ भाग : चामड्याची सीट, डायनॅमो, चेनकव्हर कंपनीचेच असतील तर हौशी संग्राहक जास्त पैसे मोजतात. म्हणून नवा रंग देऊ नका.

दुर्मीळ की जुनी? : अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, जागतिक सायकल दिनीच बंद पडला. पण अ‍ॅटलस घरोघरी होत्या, त्यामुळे कारखाना बंद पडला म्हणून भाव वाढेलच असं नाही.

चालवण्यासाठी विकताना : टायर-ट्यूब, ब्रेकचा खर्च किमतीतून वजा होतो. फ्रेमला तडा असेल तर भाव आणखी पडतो.

भंगाराचा भाव हा सगळ्यात कमी भाव समजा. त्याखाली जाऊ नका.