माडाच्या सावलींतील पिकें

माडाच्या बागेंत केवळ माडच असावेत, ही कल्पना पश्चिम किनाऱ्यास कधींच मानवली नाहीं. इ. स. १३४० नंतर थोड्याच वर्षांनीं मलबारांत आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानें माडांशेजारीं लावलेल्या व त्यांवर चढलेल्या मिरवेली पाहिल्या; त्या त्याला द्राक्षवेलींसारख्या भासल्या. कोंकणांतील वाडींत व गोमंतकांतील कुळागरांत हा संसार आजही दिसतो. वर माड व पोफळी, त्यांच्या अंगावर मिरवेल, खालीं केळी, आणि पाटाच्या कडेला अळूं.

ही हौस नव्हे. उंच जातीचा माड फळावर येण्यास सहा-सात वर्षें लागतात. तोंवर शिंपणें करणाऱ्या घरानें खावें काय? केळीचा घड वर्षा-सव्वा वर्षांत उतरतो, आणि केळीला दिलेलें पाणी माडासही पोंचतें.

१९१६ सालीं मद्रास सरकारनें कासरगोड येथें नारळाचें संशोधन-केंद्र उघडलें. पुढें तेथेंच जी मोजमापें झालीं, त्यांनीं जुन्या वहिवाटीचें कारण उलगडलें. माडाचीं बहुतेक मुळें बुंध्यापासून सुमारें दोन मीटरांच्या आंतच असतात. म्हणजे साडेसात मीटर अंतरानें लावलेल्या बागेंतील जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन त्याच्या कामीं येत नाहीं. सावलीलाही वय असतें. पहिलीं आठ वर्षें ऊन भरपूर. तेथून पंचविशीपर्यंत गर्द छाया. पुढें खोड उंच गेलें कीं तिरपीं किरणें पुन्हा भुईवर उतरतात.

या छायेंत १९७० नंतरच्या दशकांत केरळ व दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कोको आला. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतलें हें झाड. त्यास सावली मानवली. परंतु १९८० च्या सुमारास भाव कोसळले, आणि अनेकांनीं हातानें लावलेलीं झाडें हातानेंच तोडलीं. केळीं विकलीं नाहींत तर घरचीं मुलें खातात. कोकोच्या ओल्या बियांचें घरीं करावें काय? माती, मुळें, ऊन यांचा हिशेब बरोबर होता. गिऱ्हाइकाचा कोणी मांडला नव्हता. अखेर १९७३ सालीं स्थापन झालेली मंगळूरची बागाईतदारांची सहकारी संस्था ‘कॅम्पको’ खरेदीस उतरली, आणि १९८६ सालीं तिनें पुत्तूर येथें चॉकलेटचा कारखानाच काढला. त्यानंतर कुऱ्हाडींतून वांचलेल्या झाडांच्या बियांना जवळच गिऱ्हाईक मिळालें.