रातांब्याची बी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी पाककृती पुष्कळ येतील, म्हणून मी रातांब्याच्या झाडाचा थोडा इतिहास लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. भगिनींनी भाषेकडे न पाहता मजकुराकडे पाहावे.

काजू, अननस, मिरची ही परदेशातून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. रातांबा मात्र आपल्या सह्याद्रीचाच. वैद्य त्याला वृक्षाम्ल म्हणतात, गोव्यात भिरंड म्हणतात. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या ग्रंथात या फळाची नोंद केली आहे. आतून रक्तासारखे लाल, चवीला आंबट, असे तो लिहितो. त्याच्या साली गलबतातून पोर्तुगालपर्यंत नेत आणि तिकडे त्यांचा शिरका करीत. म्हणजे आपली सोले साडेचारशे वर्षांपूर्वीच समुद्रापार गेली होती! ती फोडली कोणी, वाळवली कोणी, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

ते काम बायकांचेच असणार. रातांबे ऐन वैशाखात पिकतात आणि मागे पावसाची घाई असते. फळे फोडायची, गर आणि बिया वेगळ्या करायच्या, गराच्या रसात मीठ घालायचे, साली त्यात बुडवून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी पुटे चढत गेली की आमसूल काळे आणि मऊ होते. बाजारातले पुष्कळ आमसूल एकाच पुटाचे असते. ते जिभेला लगेच कळते. उरलेल्या खारट रसाचे आगळ, साखरेत मुरवलेल्या सालींचे सरबत. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे आणि प्यायचेही. माशाच्या कढीला आमच्याकडे चिंच कधी चालली नाही.

या सगळ्यात बी मागे पडली. माझ्या सासूबाई एक बी उकिरड्यावर जाऊ देत नसत. राखेत चोळून वाळवायच्या, पावसाळ्यात सवडीने फोडून आतला गर कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. वर आलेला तवंग निवला की घट्ट होतो. तो मुठीत दाबून गोळे करायचे. मुठीत वळायचे म्हणून मुठेल, असे त्या सांगत. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ, भाजल्याचे डाग, सगळ्यांना तेच. जास्तीचे गोळे विकून आलेला पैसा त्यांचा स्वतःचा असे. त्याचा हिशोब घरात कोणी मागत नसे. आता व्यापारी बिया गोणीने उचलतो आणि तेच मुठेल साबणांत आणि मलमांत घालून शहरात चढ्या भावाने विकले जाते. आपल्याला गोणीचे जे मिळतात ते भाड्यातच जातात.

झाडाचेही तसेच. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी. बी रुजवली तर फुलोरा येईपर्यंत सहा-सात वर्षे काही कळत नाही आणि निम्मी झाडे नर निघतात. म्हणून आता कलमे लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात दिली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगलेच झाले. पण परड्यात आपसूक उगवलेली जुनी झाडे नवी घरे बांधताना तुटतात, त्यांच्याकडे कोण पाहतो?

मुठेल काढता येणाऱ्या आपल्या मंडळात आता तिघीच आहेत, तिघीही सत्तरीच्या पुढच्या. यंदा मी दोन पायल्या बिया राखून ठेवल्या आहेत. श्रावणात एका दुपारी आमच्या पडवीत चूल मांडू. येणाऱ्यांनी पाटा-वरवंटा आणू नये, उखळ आहे.