इझुमी अराता : एक खेळाडू आणि त्यांचे बंद पडलेले संघ

या व्याख्यानमालेसाठी आम्ही फुटबॉलचा विषय सुचविला, तेव्हा चालकांपैकी एकाने हसून विचारले, "लोणंदात फुटबॉल बघायला कोण येणार?" प्रश्न रास्त होता. आमचा मुलूख कुस्तीचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हापासून खेळ म्हटला की आमच्यासमोर तांबडी माती येते. पण आम्ही आयुष्य घालविले ते कामगार चळवळीत. खेळाच्या डावपेचांवर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. खेळणाऱ्याच्या नोकरीवर मात्र थोडे बोलता येईल, आणि त्यासाठी आम्ही निवडलेला माणूस जपानात जन्मला, मुंबई-पुण्यात खेळला आणि अखेर भारताचा नागरिक झाला.

१९८२ हे साल सातारा-सांगलीकडच्या कित्येक घरांत विसरलेले नाही. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतले अनेकजण ट्रंका व वळकट्या घेऊन गावी परतले ते कायमचेच. त्याच वर्षी ३१ जुलैला जपानच्या यामागुची प्रांतात शिमोनोसेकी येथे इझुमी अराता यांचा जन्म झाला. वडील भारतीय, गुजराती, आई जपानी. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो पुढे येईल.

जपानचा फुटबॉल वाढला तो कारखान्यांच्या आवारात. १९६५ साली तेथे राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तिच्यातले आठही संघ कंपन्यांचे होते. मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा ही नावे आपण यंत्रांवर वाचतो. तेथील लोक ती गोलफलकावर वाचीत. खेळाडू कंपनीच्या पगारपत्रकावर असे. दिवसा काम, संध्याकाळी सराव, आणि गुडघे थकले की पुन्हा टेबल किंवा यंत्र. अशा नोकरदार खेळाडूंच्या बळावर जपानने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे कांस्यपदक मिळविले. १९९३ साली व्यावसायिक 'जे-लीग' सुरू झाली. संघांच्या नावांतून कंपन्या गेल्या आणि गावे आली. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, निस्सानचा योकोहामाचा. खेळाडूही कर्मचारी राहिला नाही. तो करारावरचा माणूस झाला.

अराता यांनी या दोन्ही व्यवस्था पाहिल्या. कुराशिकी शहरात मित्सुबिशी मोटर्सचा मिझुशिमा कारखाना आहे, त्या कारखान्याच्या संघात ते प्रथम खेळले. पुढे सिंगापूरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या आल्बिरेक्स निगाता या जपानी संघात गेले, आणि २००६ साली वडिलांच्या देशात, कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले. जागा मधल्या फळीतली. बचावाकडून चेंडू घ्यावयाचा, मान वर करून पाहावयाचे आणि आघाडीवाल्याच्या पायाशी नेमका पोहोचवावयाचा. कारखान्यात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माल वेळेवर पोहोचविणारा जो माणूस असतो, त्याच्यासारखेच हे काम. तो असतो तोवर कोणाला दिसत नाही. तो रजेवर गेला की सारे अडते.

२००७ साली ते मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आले. येथे थोडे थांबले पाहिजे. मुंबईतही एके काळी फुटबॉल म्हणजे नोकरीच होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका, सर्वांचे संघ कूपरेजच्या मैदानावर उतरत. चांगला खेळणाऱ्या पोराला चिकटवून घेत. त्याला हजेरीत सवलत मिळे, आणि खेळ संपल्यावरही हुद्दा, प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटी राही. खाशाबांनाही १९५५ साली पोलीस खात्यात नोकरी मिळाली ती याच रीतीने.

आम्ही तरुणपणी या संघांची टिंगल करीत असू. कामगारांचे लक्ष मागण्यांवरून उडावे म्हणून मालकाने फेकलेला चेंडू, असे आम्ही गेटसभेत म्हटलेले आम्हांला आठवते. त्यात काही खरे होते; पण निम्मी गोष्ट आमच्या नजरेतून सुटली. त्या चेंडूमागे कायम नोकरी बांधलेली होती. गिरण्या गेल्या तेव्हा त्यांचे संघही गेले, आणि एका गरीब पोराला खेळाच्या जोरावर कायम होण्याची जी वाट होती, ती बुजत गेली. १९८२ चा संबंध तो हा.

महिंद्रांचा संघ १९६२ साली सुरू झालेला. २००० साली त्याने नवे नाव घेतले आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. अराता संघात असताना, २००८ साली, त्याने ड्युरंड करंडक घेतला. आणि २०१० साली, सुमारे अर्धशतकाची परंपरा असलेला हा संघ कंपनीने बंद केला. कारखाना बंद करावयाचा तर नोटीस लागते, भरपाई लागते, सरकारदरबारी जाब द्यावा लागतो. संघ बंद करावयास एक पत्रक पुरते.

अराता त्याआधीच, २००९ साली, पुणे एफसीमध्ये गेले होते. महिंद्रांना लीग जिंकून देणारे गोव्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा हेही त्याच वर्षी पुण्यास आले. हा संघ एका उद्योगसमूहाने २००७ साली काढलेला. बालेवाडीच्या मैदानावर त्याचे सामने होत. आपल्या लोणंदहून सकाळची गाडी धरली तर संध्याकाळचा सामना बघून परतावे इतक्या अंतरावर. अराता यांच्या कारकिर्दीचा सर्वांत भरीव काळ हाच. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुण्याने दुसरा क्रमांक पटकावला.

याच काळात त्यांनी आयुष्यातला मोठा निर्णय घेतला. २००८ सालच्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असल्याखेरीज भारताकडून खेळता येत नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही आणि जपानचाही मानीत नाही. म्हणजे एक सोडल्यावाचून दुसरे नाही. २०१२ साली अराता यांनी जन्मभूमीचे नागरिकत्व सोडले आणि नीलकंठ खंभोळजा या नावाने ते भारतीय झाले. २०१३ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी भारताची जर्सी घातली. परदेशी नागरिकत्व सोडून भारतासाठी खेळणारे ते पहिले. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट परत करून रायन विल्यम्स यांनी हीच वाट धरली ती २०२५ साली. या निर्णयाने परदेशी खेळाडूंसाठी राखलेल्या मोजक्या जागांतली स्पर्धाही चुकली हे खरे. पण तिशीतल्या खेळाडूची मैदानावरची वर्षे ती किती? नागरिकत्व मात्र जन्मभराचे. आपल्याकडून परदेशी गेलेली पोरे तेथला पासपोर्ट मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट करतात. हा माणूस उलट्या दिशेने चालत आला.

त्यानंतर २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. पैसा आला, दिवे आले. २०१५ साली अराता कलकत्त्याच्या ॲटलेटिकोकडून खेळले, २०१६ साली एफसी पुणे सिटीकडून, २०१७-१८ साली केरळ ब्लास्टर्सकडून. खेळ थांबविल्यावर ते रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांचे प्रशिक्षक झाले.

आता त्यांच्या संघांची हजेरी घेऊ. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद. पुणे एफसी २०१५ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये नाही. एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद. त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. कलकत्त्याचा तो संघ २०२० साली मोहन बागानमध्ये विलीन. महाराष्ट्रातल्या ज्या तीन संघांसाठी हा माणूस धावला, त्यांतल्या एकाचाही सामना आज बघावयास मिळत नाही. खेळाडूचे पाय थकण्याआधी मालकाचा उत्साह थकतो.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. १९९८ साली जपानात योकोहामा फ्ल्यूगेल्स या संघाच्या एका पुरस्कर्त्या बांधकाम कंपनीने अंग काढून घेतले, आणि संघ शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करण्याचे ठरले. फ्ल्यूगेल्सच्या खेळाडूंनी १ जानेवारी १९९९ रोजी सम्राट-करंडक जिंकला आणि मगच ते पांगले. पण प्रेक्षक पांगले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच्या संघाला टाळ्या वाजविण्याचे नाकारले, आणि त्यांच्या खटपटीतून योकोहामा एफसी हा नवा संघ उभा राहिला, तो आजही खेळतो आहे. जपानी खेळाडूंनीही १९९६ साली आपली संघटना बांधली होती. २०११ साली तिला कामगार संघटनेचा दर्जा मिळाला. आपल्याकडे २००६ साली बायचुंग भूतिया यांच्या अध्यक्षतेखाली फुटबॉल खेळाडूंची संघटना निघाली. अराता कलकत्त्यास उतरले तेच हे वर्ष.

लोणंदकरांना हे सारे सांगण्याचे कारण आता सांगतो. २०१४ पासून कबड्डीचीही लीग झाली आहे. आपल्या पोरांचा लिलाव होतो, आकडे टीव्हीवर झळकतात आणि गावात फ्लेक्स लागतात. आम्हांला त्याचा आनंदच आहे. पण तो आकडा काही महिन्यांच्या हंगामाचा असतो, आणि आपल्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या त्याच्या भावाची चिठ्ठीही काही महिन्यांचीच असते. एकाला हार घालतात, दुसऱ्याला कोणी ओळखत नाही. करार दोघांचा सारखाच कच्चा आहे.

म्हणून फ्लेक्स लावणाऱ्या मंडळींना आमची एकच विनंती आहे. पुढच्या वेळी आपला पोरगा करारावर सही करावयास निघेल, तेव्हा हार-तुरे न्याच, पण चार अक्षरे वाचणारा एक माणूसही बरोबर न्या. गुडघा मोडला तर दवाखान्याचे बिल कोण भरणार आणि संघच बंद पडला तर उरलेला पगार कोण देणार, हे दोन प्रश्न सहीच्या आधी विचारा. त्याची उत्तरे कागदावर घ्या.